पटावर मुले, वर्गात नुसती बाके!



अकरावी-बारावी विज्ञानाच्या वर्गात एकदा सकाळी डोकावून पाहा. पटावर तुकडीभर नावे, समोर दोन-तीन बाकांपुरती मुले. बाकीची कुठे आहेत, हे गावाला ठाऊक आहे. नाव कॉलेजात, बसणे खासगी क्लासमध्ये! ‘इंटिग्रेटेड’ या नावाखाली हा व्यवहार राजरोस चालू आहे.

बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. मग वर्षभर न फिरकलेल्या मुलाला हॉल तिकीट मिळते कसे? खोट्या हजेरीवर! २०१८ साली शासनाने याच कारणासाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. वर्ग मात्र रिकामेच राहिले.

‘कॉलेजात शिकवतच नाहीत, मग काय करायचे?’ असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्यावर उपाय शिकवायला भाग पाडणे हा आहे, खोटी हजेरी विकत घेणे हा नव्हे. शिवाय भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येक विषयात ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत नेमका रंग पालटताना थांबायला हात बसावा लागतो. एका रात्रीत दुसऱ्याचे जर्नल उतरवून तो बसत नाही.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो रोज येणाऱ्यांवर. एसटीच्या मोफत पासवर खेड्यातून येणाऱ्या मुलीला क्लासचे लाखभर रुपये परवडत नाहीत. तिला अनुदानित कॉलेजचाच आधार. पण मुले क्लासशी ‘टायअप’ असलेल्या कॉलेजांकडे वळली की इथला पट घटतो, तुकडी बंद पडते, शिक्षक अतिरिक्त ठरतात. नियम पाळणाऱ्या मुलीचाच वर्ग मोडतो!

म्हणून आमच्या मागण्या:

१. शिक्षणाधिकाऱ्यांनी पूर्वसूचना न देता वर्गात जाऊन पट पडताळावा.
२. खोटी हजेरी लावणाऱ्या कॉलेजची मान्यता काढावी; शिक्षा मुलांना नको.
३. रिक्त पदे भरावीत, प्रयोगशाळा चालू ठेवाव्यात.
४. नीट, जेईई, सीईटीची तयारी अनुदानित कॉलेजातच मोफत करून द्यावी.

पालकहो, या आठवड्यात आपल्या मुलाच्या कॉलेजात जा. हजेरीपट मागा, प्रयोगशाळा उघडायला लावा. तास होत नसतील तर प्राचार्यांना लेखी जाब विचारा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका.

— आपले, कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षक व पालक