आधी वाटा, मग नैवेद्य

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपल्याकडे बळीराजाची पूजा होते, अंगणात शेणाच्या गवळणी मांडल्या जातात, गोव्यात गुरांचा पाडवा असतो. त्याच दिवशी व्रजात आणि राजस्थानात अन्नकूट असतो. अन्नाचा डोंगर रचून गोवर्धनाची पूजा करायची, असा हा सण.

यातला नाथद्वाऱ्याचा अन्नकूट आम्हांला फार मोलाचा वाटतो. औरंगजेबाच्या काळात श्रीनाथजींची मूर्ती व्रजातून मेवाडात आली आणि १६७२ मध्ये नाथद्वाऱ्याला स्थिरावली. एका हातावर गोवर्धन तोलणाऱ्या या बाळकृष्णापुढे पाडव्याला शिजवलेल्या भाताची रास घालतात. भोवती भाज्या, मिठाया, दुधाचे पदार्थ. रात्री दर्शन झालं की आसपासच्या पाड्यांवरचे भिल्ल येतात आणि ती रास लुटतात. कुणी ओच्यात, कुणी फडक्यात, मिळेल तितका भात बांधून घेतात. हा भात घरोघरी जपून ठेवला जातो, दुखण्याखुपण्यावर उपयोगी पडतो अशी श्रद्धा आहे. या लुटीला कुणी आडकाठी करत नाही, कारण लूट हाच पूजेचा शेवटचा विधी आहे.

भागवताच्या दशम स्कंधात या सणाचं मूळ आहे. इंद्राच्या यज्ञासाठी जमवलेली सामग्री गोवर्धनाला वाहा, असं कृष्ण नंदबाबांना सांगतो. खिरीपासून मुगाच्या वरणापर्यंत सगळं शिजवा, म्हणतो. पण वाढायचा क्रमही तोच लावून देतो. ब्राह्मणांना द्या, चांडाळांना द्या, पतितांना द्या, कुत्र्यांनाही द्या, गाईंना चारा घाला, आणि मग डोंगराला नैवेद्य दाखवा. डोंगराचा नंबर शेवटी!

आता मुंबई-पुण्यातही अन्नकूट थाटात होतात. कृष्णाने सात दिवस पर्वत धरला, त्या सात दिवसांचे आठ-आठ प्रहर मोजून छप्पन भोग मांडतात. घराघरांतून पदार्थ येतात, त्यामागे बायकांचे दोन-दोन दिवसांचे कष्ट असतात. तो थाट जरूर असावा. मात्र दर्शन संपल्यावर पोट भरलेल्यांनीच डबे भरून घरी न्यावेत, हे आम्हांला पटत नाही. कृष्णाने घालून दिलेला क्रम तिथे मोडतो. आपल्याला तर हा क्रम परका नाही. पाडव्यानंतर दहा दिवसांनी कार्तिकी एकादशी येते, आणि पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात वारकरी एकमेकांच्या तोंडात काला भरवतात; तिथेही घास आधी दुसऱ्याचा.

पण ज्यांनी हे सारं अन्न पिकवलं, तोडलं, वाहिलं, ते या दिवसांत कुठे असतात? फराळातली साखर ज्या उसाची, तो तोडायला बीडकडच्या, मराठवाड्यातल्या मजुरांच्या टोळ्या याच सुमारास घर सोडतात. कितीतरी लेकरांची दिवाळी उसाच्या फडाच्या कडेला, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत होते.

वाचकहो, यंदा पाडव्याला देवापुढे ताट ठेवण्याआधी फराळाचा एक डबा भरा. जवळ कोपी असेल तर कोपीवर न्या, नसेल तर इमारतीच्या बांधकामावर, रस्त्याच्या कामावर, जिथे कुणी घरापासून दूर राबत असेल तिथे न्या. उरलंसुरलं देऊ नका, पहिल्या घाण्यातलं द्या. नैवेद्य त्यानंतर दाखवा.