खोटी सही खोडू नका

जुन्या जपानी तलवारीवर लोहाराची सही असते, पण ती पात्यावर मिरवत नाही. मुठीत जाणाऱ्या भागावर, म्हणजे नाकागोवर, छिन्नीने कोरलेली असते. मूठ काढल्याशिवाय दिसतच नाही. आणि गंमत म्हणजे खरे जाणकार ती सगळ्यात शेवटी बघतात! पारख करायच्या बैठकीत नाकागो चक्क झाकून ठेवतात. आधी पात्याचा आकार आणि बाक, मग पोलादाचा पोत, मग धारेलगतचा तो धुरकट पांढरा पट्टा, हामोन. पात्याला मातीचा लेप द्यायचा, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड, आणि तापवून पाण्यात बुडवायचं, की तो उमटतो. एवढ्यावरून लोहार ओळखायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर, कॉमेंटवर जाऊ नका, कोड वाचा.

दुसरा इलाजही नसतो म्हणा. कित्येक लांब तलवारी पुढे बुडातून कापून आखूड केल्या गेल्या, सही त्यातच गेली. एच्चू प्रांतातल्या गो योशिहिरोची तर खात्रीची सही असलेली एकही तलवार नाही. भूत आणि गो कुणी पाहिलेले नाहीत, असं जपानात गमतीनं म्हणतात. त्याच्या नावावर जे आहे ते सगळं होन्आमी घराण्यासारख्या पारख्यांचं मत. भक्कम असेल, पण मतच.

इथपर्यंत मला सगळं मान्य आहे. खटकतं ते पुढचं.

सतराव्या शतकातल्या कोतेत्सुच्या खोट्या सह्या इतक्या, की त्याचं नाव दिसलं की आधी संशयच घ्यावा. १९४८ साली स्थापन झालेली एनबीटीएचके ही तलवारींच्या जतनाची संस्था अशा खोट्या सहीच्या पात्याला प्रमाणपत्र देत नाही. मग मालक काय करतो? सहीवर कानस फिरवून घेतो आणि तीच तलवार 'बिनसहीची' म्हणून पुन्हा पाठवतो. आता कागद मिळू शकतो, भावही वाढतो.

अहो, नाकागोवरचा गंजसुद्धा कुणी घासत नाही, कारण त्यावरून वय कळतं. गंजाला एवढा मान, आणि अक्षरांना कानस? कुणीतरी, कधीतरी, कुणाला तरी फसवायला ती कोरली होती. तोही त्या तलवारीचा इतिहासच की. राहू दिली तर पुढचा गिऱ्हाईक फसेल म्हणता? कबूल. पण त्यावर कागदातच उपाय आहे. सरळ लिहा: सही खोटी, पातं अमुक घराण्याचं. किंमत पडेल थोडी. पडू दे.