कृमींचीं बिऱ्हाडें

कृमि हा शब्द उच्चारतांच मनांत किळस उत्पन्न होते व विषय तेथेंच सोडून द्यावासा वाटतो. परंतु ज्या शत्रूचें नांवहि घेववत नाहीं, त्याच्याशीं झगडावयाचें तरी कसें? म्हणून ह्या महिन्यांत आमच्या वाचकांनीं थोडें धैर्य धरावें अशी विनंति आहे.

आज ज्यांचा विचार करावयाचा ते गोलकृमि, म्हणजे दोऱ्यासारखे, दोन्ही टोकांना निमुळते झालेले किडे. गांडुळाप्रमाणें ह्यांच्या अंगावर वळीं नसतात. ह्यांच्या कितीतरी जाती कोणाच्याहि वाटेस न जातां मातींत स्वतंत्रपणें राहतात. तुळशीच्या कुंडींतील मूठभर मातींतहि ते असावयाचेच. अशाच एका मिलिमीटरभर कृमीच्या देहांत अवघ्या ३०२ मज्जापेशी आहेत. त्याच्या अभ्यासानें शरीराची घडण इतकी उलगडली कीं ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन ह्या तिघांना २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण ह्याच कुळांतील कित्येकांनीं स्वतंत्र संसार सोडून दुसऱ्यांच्या देहांत बिऱ्हाड केलें आहे. अशा बिऱ्हाडकरूला हुसकावावयाचें तर पहिला प्रश्न हा कीं, त्याचीं घरें आहेत तरी किती?

नारूचें उदाहरण घ्या. घरांतील वडील मंडळींना तो आठवत असेल. पायाला फोड यावा, तो फुटावा, त्यांतून हातभर लांब पांढरा दोरा डोकावूं लागावा, आणि तो काडीला गुंडाळीत रोग्यानें आठवडेच्या आठवडे कण्हत काढावे, असा तो भोग असे. ह्या कृमीचीं घरें दोन: एक मनुष्य, व दुसरें सायक्लॉप्स नांवाचा पाण्यांतील बारीक जीव. रोगी पायऱ्यांच्या विहिरींत उतरला कीं मादी पाण्यांत पिलें सोडी. तीं सायक्लॉप्सच्या पोटांत जात. आणि तें पाणी न गाळतां पिणाऱ्याच्या देहांत वर्षभरानें नवा दोरा तयार होई. १९८४ सालीं भारतांत सुमारें ४०,००० रुग्ण होते, आणि महाराष्ट्रहि ह्या रोगांतून सुटला नव्हता. ह्यावर ना लस होती, ना औषध. लोकांना पाणी गाळावयास शिकविलें, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसविले, आणि दोन घरांमधील वाट मोडली. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्यें राजस्थानांतील जोधपूर जिल्ह्यांत आढळला, व फेब्रुवारी २००० मध्यें भारत नारूमुक्त ठरला. आपल्या आज्या घागरीच्या तोंडाला जें फडकें बांधीत, त्यानें एवढें काम केलें!

तरीहि जगांतून नारू अद्यापि समूळ गेलेला नाहीं. १९८६ सालीं सर्व जगांत सुमारें ३५ लक्ष रुग्ण होते, ते २०२२ सालीं १३ वर आले. परंतु आफ्रिकेंतील चाड देशांत २०१२ पासून हाच कृमि कुत्र्यांत आढळूं लागला, आणि तेथें शेंकडों कुत्र्यांना तो झाला. मनुष्याच्या देहांतून निघालेल्याला जनावराचा आश्रय मिळाला. म्हणून विजय हाताशीं येऊनहि लांबला.

आतां आपल्या विदर्भाकडे वळूं. भंडारा जिल्ह्यांत लाखांदूर तालुक्यांत दिघोरी म्हणून गांव आहे. हा मुलुख धानाचा व तळ्यांचा. येथील शेतकऱ्याच्या गोठ्यांत बैल, म्हैस व शेळी ह्यांचा शेजार असावयाचाच, आणि गोठा म्हटला कीं कृमि आलेच. म्हशीच्या दुधावाटे तिच्या रेडकाच्या पोटांत जंत जातात. जन्मल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत पशुवैद्याकडून औषध दिलें नाहीं तर पुष्कळदां रेडकूं दगावतें. बैलाच्या पोटांत सेटेरिया नांवाचा पांढरा दोरा असतो. बैलाला त्याचा फारसा त्रास होत नाहीं. पण डासानें त्याचीं पिलें शेळीला पोंचविलीं कीं तीं वाट चुकून पाठीच्या मज्जारज्जूंत शिरतात व शेळीचे मागील पाय लुळे पडतात. कृमि तोच, घर चुकलें कीं अनर्थ!

ह्याच जातकुळींतला, डासावरच स्वार होणारा, मनुष्याचा शत्रु म्हणजे हत्तीरोगाचा कृमि. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर ह्या भागांत हा रोग फार दिवसांपासून ठाण मांडून आहे. मोठे कृमि रसवाहिन्यांत पांचसात वर्षें जगतात, आणि त्यांचीं लक्षावधि पिलें रक्तांत फिरतात. दिवसा तीं फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात व रात्रीं दहा ते दोनच्या सुमारास कातडीजवळ येतात, कारण त्यांचें वाहन जो क्युलेक्स डास, तो रात्रींच चावतो. म्हणून ह्या रोगाची रक्ततपासणीहि रात्रींच करावी लागते. डासाच्या देहांत हीं पिलें वाढतात हें १८७७ सालीं चीनमधील अमॉय बंदरांत पॅट्रिक मॅन्सन ह्या डॉक्टरानें प्रथम पाहिलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा डास मोठ्या स्वच्छ तळ्यांत क्वचितच वाढतो. तो वाढतो घरामागच्या तुंबलेल्या मोरीच्या पाण्यांत व संडासाच्या उघड्या टाकींत. तेव्हां तळ्याला बोल लावण्याआधीं आपलें परसूं पाहावें.

ह्या कृमीसंबंधीं समाधानाची गोष्ट एवढीच कीं, आपल्याकडील हत्तीरोगाच्या कृमीला मनुष्यावांचून दुसऱ्या प्राण्याचें घर नाहीं. चाडमध्यें नारूला कुत्रीं मिळालीं, तसा आश्रय ह्याला नाहीं. म्हणजे सर्व मनुष्यांचें रक्त एकाच काळीं स्वच्छ राहिलें, तर डासाला नेण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. श्रीलंकेनें हें साधलें, व २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तसें मान्य केलें. आपल्या सरकारनेंहि २०२७ पर्यंत निर्मूलनाचें उद्दिष्ट ठेविलें आहे. त्यासाठीं रोगग्रस्त जिल्ह्यांत वर्षांतून एकदां घरोघरीं गोळ्या देतात. त्यांतील आयव्हरमेक्टिन हें औषध आधीं गुरांच्या जंतांवर वापरांत आलें, मग मनुष्याच्या उपयोगी पडलें. त्याबद्दल कॅम्पबेल व ओमुरा ह्यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

पण खरी अडचण उद्भवते ती आपल्यासारख्या सुशिक्षित घरांत. "मला कांहीं झालें नाहीं, मग मीं गोळी कां घ्यावी?" असें म्हणून ती ताकावर ठेवून दिली जाते. पाय न सुजलेल्या, धडधाकट मनुष्याच्या रक्तांतहि हीं पिलें वर्षानुवर्षें असूं शकतात, आणि त्याला त्याची दादहि नसते. एका चौकांत दहा माणसें निजतात. त्यांतील नवांनीं औषध घेतलें व एकानें टाळलें, तर डासाला तेवढें एक घर पुरतें. कृमि दीर्घायुषी असल्यामुळें एका वर्षाच्या गोळीनेंहि भागत नाहीं. ती जेवण झाल्यावर, देणाऱ्याच्या समोरच घ्यावी. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुलें व फार आजारी माणसें ह्यांना ती देत नाहींत. आयव्हरमेक्टिन तर पांच वर्षांखालील मुलांनाहि देत नाहींत. कोणाला किंचित् ताप किंवा चक्कर आली, तर ती बहुधा पिलें मरत असल्याची खूण असते. तरी तें आरोग्यसेवकांना कळवावें.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. एखाद्या घरीं सुजलेला पाय असला कीं लग्नकार्याच्या बोलण्यांत तो लपविला जातो, किंवा 'त्या घरांत तो रोग आहे' म्हणून स्थळ मोडतें. हा रोग वंशपरंपरेनें येत नाहीं व शिवल्यानें लागत नाहीं. तो कुळाचा दोष नव्हे, डासाचा आहे. सूज फार जुनी झाल्यावर औषधानें ओसरत नाहीं हें खरें; परंतु रोज साबण-पाण्यानें पाय धुवून, बोटांच्या बेचक्यांतून कोरडा पुसून, निजतांना उशीवर उंच ठेवला, तर वारंवार येणारा ताप व ठणका पुष्कळ कमी होतो. घरांतील वहिनी किंवा आत्या लाजेनें पाय लुगड्याआड झांकीत असतील, तर त्यांना धीर देऊन दवाखान्यांत नेणें हें कर्त्या माणसांचें कर्तव्य होय.

नारूला आपण फडक्यानें हरविलें. हत्तीरोगाला हरवावयास घरांतील प्रत्येकानें वर्षांतून एकदां दोनचार गोळ्या घ्याव्या व मोरी वाहती ठेवावी, एवढेंच पुरे आहे. मात्र ह्यांत 'प्रत्येकानें' हा शब्द सोडतां कामा नये.