शोधाचा सात-बारा

रोही व रानडुकरें यांच्यापासून पीक राखावयाचें म्हणून तळेगांवच्या शिवारांत आपण काटेरी तार लावतों. ही तार चांगल्या रूपास आणणारा मनुष्य शेतकरीच होता, हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल. अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतीं जोसेफ ग्लिडन यानें कॉफी दळण्याच्या जात्यावर काटे वळविले, ते दोन तारांच्या पिळांत घट्ट बसविले आणि १८७४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. १८७६ सालीं आपला अर्धा हक्क त्यानें एका कारखानदारास ६०,००० डॉलरांस विकला. हक्काचा कागद नसता, तर कोणता भांडवलवाला त्याच्या दारीं आला असता?

आतां विदर्भाकडे पाहूं. नागभीड तालुक्यांतील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ च्या सुमारास आपल्या धानांत निराळ्या लोंब्या हेरल्या व वर्षानुवर्षें निवड करून एचएमटी हें वाण सिद्ध केलें. तो तांदूळ दूरदूरच्या ताटांत पोंचला. राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा सन्मानहि झाला. परंतु २०१८ सालीं ते वारले ते हलाखींतच. वाण निघालें तेव्हां शेतकऱ्याच्या नांवें त्याची नोंद करण्याचा कायदाच नव्हता. तो २००१ सालीं झाला.

बियाण्यास पेटंट मिळत नाहीं. त्याची नोंद या दुसऱ्या कायद्यानें होते. अवजारास मात्र मिळतें. आमच्या ओळखीच्या एका सुतारानें डवऱ्यास तण काढणारी नामी जोड बसविली आणि हौसेनें प्रथम बाजारांत मांडली. पुढच्या हंगामांत तीच जोड परगांवच्या दुकानीं टांगलेली! अर्जापूर्वीं वस्तु उघड झाली कीं तिचें नवेपण कायद्यानें संपतें. आम्ही जन्मभर फेरफार लिहिले. ताबा एकाचा व नोंद दुसऱ्याची झाली म्हणजे काय होतें, तें आम्हांस नव्यानें शिकावयास नको.

विद्या विकूं नये, असें कांहीं सज्जन म्हणतात. परंतु पेटंट घेणारास आपली युक्ति लिहून द्यावी लागते आणि २० वर्षांनीं ती सर्वांस मोकळी होते. गुपित ठेवणाराची युक्ति त्याच्याबरोबरच चितेवर जाते, तें त्यांस बरें वाटतें काय?

प्रथम तात्पुरता अर्ज करून पूर्ण तपशील १२ महिन्यांत देतां येतो. नागपुरास राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. आपल्या सोसायटीनें तेथील जाणकार एकदां तळेगांवीं बोलवावा. खर्च गेल्या सत्कारसमारंभाहून अधिक येणार नाहीं.