प्रिंटरला स्वतःचा पत्ता द्या, कॉम्प्युटरचं कुलूप काढू नका



मागच्या महिन्यात नेवासा तालुक्यातल्या एका कांद्याच्या आडतीवर गेलो होतो. लिलाव आटोपलेला, वजनं झालेली आणि वीस-पंचवीस शेतकरी हिशोबपट्टीसाठी काउंटरपुढे ताटकळलेले. पट्टी काही निघेना! बिलिंगचा कॉम्प्युटर विंडोज ७ चा. प्रिंटर केबिनमधल्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडून शेअर केलेला. तो केबिनमधला कॉम्प्युटर आदल्याच दिवशी बदलून विंडोज ११ चा आणला होता. स्क्रीनवर ‘११बी’वर संपणारा एरर. शेठचा मुलगा नेटवर बघून रजिस्ट्रीत बदल करायला बसला होता. मी म्हटलं, थांब जरा.

हा एरर नेमका कशाचा, ते समजून घ्या. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत गंभीर त्रुटी सापडल्या. त्यातली ‘प्रिंटनाईटमेअर’ तर एवढी वाईट, की छपाईच्या वाटेने बाहेरचा माणूस कॉम्प्युटरचा ताबा घेऊ शकत होता. अशाच एका त्रुटीवर उपाय म्हणून सप्टेंबर २०२१ पासून शेअर केलेल्या प्रिंटरशी बोलताना जास्त सुरक्षित पद्धत सक्तीची झाली. विंडोज ७ चे मोफत अपडेट मात्र १४ जानेवारी २०२० लाच थांबलेले. म्हणजे नवा कॉम्प्युटर नवी भाषा मागतो आणि जुन्याला ती कुणी शिकवलेलीच नाही.

नेटवर मिळणारा उपाय काय असतो? नव्या कॉम्प्युटरवरची ही सक्ती बंद करा, नाहीतर अपडेटच काढून टाका. एक्सपी असेल तर एसएमबी १ चालू करा. त्याने प्रिंट निघते, खोटं कशाला बोलू! पण २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेला वॉनाक्राय याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून घुसला होता. माझं स्पष्ट मत आहे: एका जुन्या मशीनसाठी नव्या मशीनचं कुलूप काढायचं नाही. त्या नव्या मशीनवर तुमचं नेटबँकिंग आहे, जीएसटी आहे आणि शेतकऱ्यांचे खाते नंबर आहेत.

मग जुना कॉम्प्युटर भंगारात टाकायचा का? मी तसंही म्हणत नाही. नुसती पट्टी आणि बिल काढायला तो अजून चांगला चालतो. चूक कॉम्प्युटरची नाही, जोडणीची आहे. प्रिंटर कुणाच्याही कॉम्प्युटरच्या आश्रयाला ठेवू नका. त्या आडतीवरच्या प्रिंटरला मागे लॅनचं पोर्ट होतं, त्यावरचं स्टिकरसुद्धा निघालेलं नव्हतं! अर्ध्या तासात काम झालं. ते असं:

१. प्रिंटर लॅन केबलने थेट राउटरला जोडा.

२. प्रिंटरवरून त्याच्या सेटिंगचं पान छापा, त्यावर आयपी पत्ता मिळेल. राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. हे टाळू नका. आपल्याकडे लाईट जाते-येते, राउटर परत चालू झाला की प्रिंटरला दुसराच पत्ता मिळू शकतो, आणि मग सगळे म्हणतात प्रिंटर बिघडला.

३. विंडोज ७ मध्ये ‘डिव्हायसेस अँड प्रिंटर्स’ उघडून ‘ॲड अ प्रिंटर’ घ्या. इथे बहुतेक जण नेटवर्क प्रिंटर निवडतात. तुम्ही लोकल प्रिंटर निवडा, मग ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’, त्यात ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, आणि तो पत्ता टाका.

४. ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. विंडोज ३२ बिट आहे की ६४, ते बघूनच.

५. आता केबिनमधला कॉम्प्युटर बंद करा आणि टेस्ट पेज काढा. निघालं तरच काम झालं समजा.

अजून एक काम राहिलं. जुन्या कॉम्प्युटरचा आयपी हाताने भरा आणि डिफॉल्ट गेटवेची जागा रिकामी सोडा. प्रिंटर चालतो, इंटरनेट बंद होतं. बिलिंग सॉफ्टवेअरला लायसन्ससाठी नेट लागतं का, ते मात्र आधी विचारून घ्या. पेनड्राईव्हमधून व्हायरस तरीही येऊ शकतो, म्हणून रोजचा बॅकअप चुकवू नका.

प्रिंटरला फक्त यूएसबी असेल तर? प्रिंट सर्व्हरची छोटी डबी मिळते. पण ती सगळ्याच मॉडेलला चालत नाही, दुकानात प्रिंट काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढचा प्रिंटर घेताना मात्र लॅन पोर्ट बघूनच घ्या.

विंडोज १० वाल्यांनी हसू नये. त्याचाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे हीच वेळ तुमच्यावरही येऊ शकते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा बिलावरचा पत्ता बदललाच ना? तसाच एकदा प्रिंटरलाही पक्का पत्ता देऊन टाका. तो कागदावर लिहून प्रिंटरवर चिकटवा, आणि हे काम लिलावाच्या दिवशी नको, सुट्टीच्या दिवशी करा.