डफ, तुणतुणे आणि चिरंजीव

गेल्या महिन्यात एका रात्री चिरंजीवांनी स्वतः लिहिलेला रॅप मला ऐकवला. विषय, गावात येणारा पाण्याचा टँकर! मागे ढोलाचा एक ठेका आणि खर्जातला एक सूर, एवढाच संसार.

"अरे, निदान चाल तरी लाव," मी म्हणालो.

"बाबा, साज नाही, शब्द ऐका." मुंबईच्या 'स्वदेशी' गटातला एमसी मवाली मराठीतून रॅप करतो, आरेच्या जंगलावरचे त्या गटाचे २०१९ चे 'द वारली रिव्होल्ट' ऐका, असेही तो सांगू लागला. मी हसलो. तो निमूटपणे उठून गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) शिकवायचे होते. मी ऐटीत म्हणालो, "डफ, तुणतुणे आणि शाहीर! साज थोडा, म्हणून शब्द उघडा पडतो. ढिल्या यमकाला लपायला जागाच नाही!" आणि माझीच जीभ अडखळली. रात्री मुलगा दुसरे काय सांगत होता?

अहिल्याबाईंच्या एका शब्दावरून फंदींनी तमाशा सोडून कीर्तन धरले, असे सांगतात. शब्दाने कवी वळतो, तसा तो शब्दानेच कायमचा गप्पही होतो.

संध्याकाळी मुलाला म्हटले, "पुन्हा म्हण." त्याने मोबाईलवरचा ठेकाही बंद केला, टेबलावर बोटांनी ताल धरला. तिसऱ्या कडव्यात यमक ढिले होते. तसे सांगितले.

या वेळी तो उठून गेला नाही; वही घेऊन शेजारी बसला.