गाळाखालचा शत्रू

छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्याने नौदलाचे प्रश्न येथील माणसाला परक्या घरचे वाटतात. पण वाळूजच्या कारखान्यातून परदेशी निघालेला कंटेनर न्हावाशेवालाच जातो आणि त्या बंदराची वाट अरुंद आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तो तर केवळ अपघात होता. त्या जागी शत्रूने पेरलेले चार सुरुंग असते तर?

सागरी सुरुंग हे दुबळ्याचे स्वस्त शस्त्र आहे. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकी सुरुंगांनी ‘ट्रिपोली’ व ‘प्रिन्स्टन’ ही बलाढ्य अमेरिकेची दोन जहाजे एकाच दिवशी जायबंदी केली. १९७१ च्या युद्धानंतर चितगावची वाट सुरुंग व बुडालेली जहाजे काढून मोकळी करण्यास सोविएत नौदलाला दोन वर्षे लागली.

मुंबईचा समुद्रतळ विशेष फसवा आहे. उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्यांचा गाळ येथे साचतो. मऊ चिखलात रुतलेला तळसुरुंग सोनारला सहज सापडत नाही. त्याला मात्र वरून जाणाऱ्या जहाजाचे चुंबकत्व आणि आवाज चिखलातूनही कळतात. उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. त्यामुळे साखळीने बांधलेला सुरुंग ओहोटीला एक मीटर खोल असेल तर भरतीला पाच मीटर, आणि प्रवाहाच्या ओढीने आणखी खाली. पावसाळ्यात गोडे पाणी खाऱ्यावर थर धरते व ध्वनिलहरी वाकतात. शिवाय तळाशी तुटके नांगर, पिंपे, साखळ्या! सुरुंगासारखी दिसणारी प्रत्येक वस्तू युद्धकाळात तपासत बसणे कोणाला परवडेल? तळाची नोंद आधीपासून असेल तर नवे काय पडले तेवढेच शोधावे लागते. पण एक पावसाळा गेला, गाळ उपसला, की जुना नकाशा शिळा होतो.

शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभारायला घेतला, तेव्हा भोवतालचे पाण्याखालचे खडक हाच त्यांचा पहिला तट होता. स्वतंत्र भारताने काय केले? ‘कारवार’ व ‘काकिनाडा’ या सुरुंगशोधक नौका मे २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाल्या. एप्रिल २०१९ मध्ये शेवटची ‘कोळिकोड’ही गेली. गोवा शिपयार्डमध्ये बारा नौका बांधण्याच्या कोरियन कंपनीशी चाललेल्या वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळून फिसकटल्या. मे २०२५ मध्ये स्वदेशी तळसुरुंगाची यशस्वी चाचणी झाली, हे अभिमानास्पदच. पण सुरुंग पेरणे आणि शोधणे या भिन्न विद्या आहेत. जुलै २०२५ मध्ये शोधक नौकांच्या खरेदीस तत्त्वतः मंजुरी मिळाली. मंजुरी म्हणजे जहाज नव्हे. मधे वर्षे जातात. तोवर दर पावसाळ्यानंतर मुंबईच्या जलमार्गाचा तळ काटेकोरपणे मोजून ठेवता येईल. त्यासाठी कोणत्याही परदेशी कंपनीच्या होकाराची गरज नाही.